दुमड धरून माप

मावशीने सख्ख्या भावाच्या नाकावर टिच्चून ट्रॅक्टर घेतला, ही बातमी ट्रॅक्टर यायच्या दहा दिवस आधीच गावभर झाली होती. ट्रॅक्टर मात्र परराज्यात, बाराशे किलोमीटरवर एका शेडमध्ये उभा होता, आणि तो इथवर आणायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीलासुद्धा नव्हतं, पण तसं ती कुणाला कळू देत नव्हती.

तिला सगळा ट्रकतळ मावशी म्हणतो, म्हणून आपणही मावशीच म्हणू. तळाच्या तोंडाशी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. नवरा ट्रकवर चढून माप घेतो आणि कापड कापतो, म्हणून तो मास्तर. ती जाड कामाच्या मशीनवर शिवते आणि पितळी रिंगा ठोकते. तीस वर्षं हेच चाललंय. कुठल्या ट्रकचा हौदा किती लांब, किती उंच, हे तिला स्वतःच्या चपलेच्या नंबरासारखं पाठ आहे.

दुकानाखेरीज तिचं रान आहे. वडिलांनी जाताना दोन सारखे वाटे केले, वरचा भावाला आणि खालचा हिला. भाऊ मोठा, त्याला ती दादा म्हणते. आसपासच्या चार गावांत ट्रॅक्टर एकच, आणि तो दादाचा. कालव्याचं पाणी सगळ्यांच्या रानात एकदमच सुटतं. पाणी मुरून माती मुठीत धरली की मऊ फुटते, तो वाफसा. तो तीन-चार दिवस टिकतो. त्याच्या आधी नांगर घातला तर चिखल होतो आणि नंतर घातला तर ढेकळं निघतात. म्हणजे चार दिवसांत ज्याचा नंबर लागला तो तरला, आणि नंबर लावणार दादा.

दादा आधी स्वतःचं रान नांगरायचा. मग सासुरवाडीचं, मग मित्रांचं, मग ज्यांच्याशी पुढेमागे काम पडेल त्यांचं. सगळ्यांत शेवटी बहिणीचं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ती काय, घरचीच आहे. थांबेल." ती अकरा वर्षं थांबली. अकरा वर्षं तिच्या रानात डोक्याएवढी ढेकळं निघाली आणि ती मजूर लावून फोडत बसली. गेल्या वर्षी ती नंबर विचारायला गेली, तर दादाचा ट्रॅक्टर एका मित्राच्या बंगल्यामागे, फुलझाडं लावायची म्हणून, हातभर बाग नांगरत होता. ती तशीच मागे फिरली. दुकानात आली, मास्तरला म्हणाली, "अहो, ट्रॅक्टर बघा. इथला नको. तालुक्यात कुणी विकायला काढला की आधी दादाच्या कानावर जातं, आणि मग तो ट्रॅक्टर विकायचा नाही असं ठरतं. लांबचा बघा."

पैसे कुठून आणले ते मी सांगत बसत नाही. तीस वर्षं दोन माणसं शिवत होती, एवढं पुरे.

मास्तर गेला, बघितला, चालवून घेतला, सही केली, ना हरकत दाखला काढला, आणि तिथेच राहिला. विकणाऱ्याला शेड शनिवारी रिकामी करून द्यायची होती. शनिवारी ट्रॅक्टर ट्रकवर चढला नाही, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन यांचे पैसे परत करायला मोकळा होता, तसं कागदावर लिहिलंच होतं. इकडे कालव्याला शुक्रवारी पाणी सुटणार होतं. मावशीने बोटांवर मोजलं. शनिवारी चढला तर मंगळवारी पोचेल, बुधवारी वाफसा. यात एक दिवस हलवायला जागा नव्हती. हुकला, तर याही वर्षी दादाच्या ओट्यावर जाऊन उभं राहायचं, आणि ते तिला आता मरणाहून जड होतं.

बुधवारी सकाळी ती बुकिंगवाल्याकडे गेली. बुकिंगवाला म्हणजे कुठला ट्रक कुठून रिकामा परततोय हे सांगणारा आणि त्यात माल भरून देणारा माणूस. टेबलाच्या काचेखाली त्याने शंभर माणसांची कार्डं दाबून ठेवलीयत आणि त्याचा एक कान कायम फोनला चिकटलेला.

"मावशी, तुमचं नशीब जोरावर आहे," तो म्हणाला. "शनिवारी तिकडून एक ट्रक रिकामाच निघतोय. माप सांगा."

मास्तरने फोनवर सांगितलेलं माप तिने कागदावर उतरवून आणलं होतं. उंची आठ फूट सात इंच. ट्रॅक्टरच्या डोक्यावर लोखंडी छत होतं, आधीच्या मालकाने वेल्डिंग करून बसवलेलं, ती सगळ्यांत उंच जागा.

बुकिंगवाल्याने बेरीज केली आणि फोन कानापासून बाजूला घेतला. असं तो क्वचित करतो. "हौद्याचा तळ जमिनीपासून साडेचार फूट. वर आठ-सात. झाले तेरा फूट एक इंच. आपल्या रस्त्यावरचा रेल्वेचा पूल केवढा? तेरा."

"म्हणजे एका इंचासाठी?"

"पुलाला इंच कळत नाही, मावशी. छत तिथे अडकलं की वरून गाडी जायची ती थांबते आणि खालून मी आत जातो. तुम्हाला बुटका ट्रेलर लागेल. त्याला वेगळा परवाना, वेगळी रांग. वीस दिवस धरा."

"वीस दिवसांनी मी त्याची पूजा करू का?"

बुकिंगवाला हसला, पण डोळे कार्डांकडे वळवले. "दादांशी बोलून बघा ना. परवा आले होते इकडे. म्हणत होते, बहिणीने उगाच हट्ट धरलाय."

असं होतं तर. ती उठली. दादाने बुकिंगवाल्याला अडवलं होतं असं नाही, मापच आडवं आलं होतं, पण दादा इथवर येऊन चहा पिऊन गेला होता हे ऐकून तिच्या अंगाची लाही झाली.

दुकानात परतली तर दादा स्वतः हजर. तिच्याच कापडाच्या गुंडाळीवर मांडी घालून बसलेला. बातमी त्याच्यापर्यंत तिच्या आधी पोचली होती.

"नाही ना येत?" तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, खरं सांगायचं तर काळजीच होती, आणि तीच तिला जास्त झोंबली. "अगं, परराज्यातलं धूड आणायचं म्हणजे काय भाजी आणायचीय? भलेभले हात टेकतात. ऐक माझं. त्याला सांग, ठेव तुझा तुझ्याकडे, पैसे दे परत. आणि या वर्षी तुला दुसरा नंबर देतो. माझं झालं की लगेच तुझं. सासुरवाडीचं मागून. मग तर झालं?"

 दुसरा नंबर म्हणजे पक्का वाफसा. मऊ, काळी, एकसारखी माती, अकरा वर्षांत न बघितलेली. ना परवाना, ना पूल, ना बाराशे किलोमीटरची धाकधूक. फक्त हो म्हणायचं होतं, आणि क्षणभर तिला ते म्हणावंसंही वाटलं.

"आणि पुढच्या वर्षी?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू की."

"कोण बघणार?"

"म्हणजे काय? मीच बघणार ना."

"बघ, हेच," मावशी म्हणाली. "पहिला दे, दुसरा दे, शेवटचा दे, देणारा तूच. बाबांनी मला रान दिलं, दादा, रांगेतली जागा नाही दिली. ऊठ तिथून. कापड चुरगळतंय."

दादा उठला. दारात म्हणाला, "ठीक आहे. पण पुढच्या बुधवारी दारात आलीस, तर शेवटचाच नंबर मिळेल. नंतर म्हणू नकोस."

"नाही म्हणणार," ती म्हणाली, आणि तो गेल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. रडली नाही, पण रडू फार लांबही नव्हतं.

राग आला की ती शिवते. आत्ता शिवायला काय होतं, तर ट्रॅक्टरसाठी बेतलेलं पांघरूण. मास्तरने फोनवर सांगितलेल्या मापाने तिने ते सकाळीच कापून ठेवलं होतं. येणार नसला तर नसला, तिने कापड मशीनवर ओढलं. ताडपत्रीची खालची कड नुसती सोडत नाहीत. वीतभर आत दुमडतात, त्यावर दोन टाके मारतात आणि त्या जाड पट्टीत रिंगा ठोकतात, नाहीतर दोरी ओढली की कापड फाटतं. तिच्या हातांनी सवयीने वीतभर कापड दुमडलं आणि सुईखाली घातलं. अर्धी कड झाली. मग मशीनच्या पायडलवरचा पाय थांबला.

तीस वर्षांत तिने दुमडीसाठी कापड कधी वेगळं वाढवून घेतलं नव्हतं. कशाला घेईल? मास्तर माप सांगतो तेच दुमड धरून. ट्रक सात फूट असला तर तो पावणेआठ सांगतो, ती पावणेआठ कापते, शिवून झाल्यावर बरोबर सात भरतं. दोघांत याबद्दल बोलणंही होत नाही. संसारातल्या कितीतरी गोष्टी अशाच बिनबोलता चालतात.

तिने फोन लावला. "अहो, ट्रॅक्टरची उंची आठ-सात सांगितलीत ना, ती दुमड धरून का?"

पलीकडे मास्तर बुचकळ्यात पडला. "मग? दुमड न धरता माप कसं सांगतात?"

"तुम्ही ट्रॅक्टर शिवणार होता का?"

"तूच म्हणालीस माप सांगा. मी माप सांगितलं."

"अहो, माप पांघरुणाचं नको होतं, अंगाचं हवं होतं! लोखंडाला कुणी दुमड ठेवतं का? नुसतं लोखंड किती आहे?"

पलीकडे मास्तर उठला. मग टेप ओढल्याचा आवाज, मग त्याचं धापा टाकणं. "सात फूट दहा," तो म्हणाला, आणि मग अगदी बारीक आवाजात, "रागावलीस का गं?"

रागावणार तरी कशी? तिला इतकं हसू आलं की शेजारचा टायरवाला बघायला आला. साडेचार आणि सात-दहा, बारा फूट चार इंच. तेराचा पूल. खालून सहज जातो.

ती तशीच बुकिंगवाल्याकडे धावली. पण त्याने सकाळी सांगितलेला ट्रक एव्हाना दुसऱ्याने उचलला होता, तिकडून फरश्या येणार होत्या. "शिवाय मावशी, सकाळी एक माप, दुपारी दुसरं. संध्याकाळी तिसरं आणाल. मी जोखीम घेत नाही. दादांना विचारून—"

"दादाला विचारायचं असतं तर मी ट्रॅक्टर कशाला घेतला असता?" ती म्हणाली. "राहू दे तुमची कार्डं तुमच्या काचेखाली."

आता ती तळावर फिरायला लागली. बुकिंगवाल्याकडे माणसांची कार्डं होती, हिच्याकडे ट्रकांची अंगं होती. हा साडेपाच फुटी हौदा, नको. हा साडेचार, पण मागची फळी मोडकी. हा चालेल, पण उलट दिशेने जातो. सतरा ट्रक मनातल्या मनात तिने असे उलटेपालटे करून बघितले आणि शेवटी लंबू आठवला. लंबू ड्रायव्हर गेल्या आठवड्यातच पशुखाद्य घेऊन तिकडे गेला होता. नवी ताडपत्री हिनेच शिवून दिली होती. हौदा साडेचार फूट, लांबी भरपूर, मागची फळी धड.

लंबूने फोन उचलला. शुक्रवारी रिकामा होणार होता, पण पुलाचं नाव काढताच कुरकुरायला लागला. "मावशी, छत कापून टाका की सरळ. नंतर जोडता येतं."

"नाही कापायचं. उन्हात त्याच्याखाली मी बसणार आहे."

"तुम्ही चालवणार?"

"मग काय शोभेला आणतेय?"

 "मास्तरचं माप ना? मास्तरचं माप म्हणजे…"

"मास्तरचं माप आहे, आणि दुमड मी काढलीय. पुलापाशी मी उभी राहते. तू माझ्या डोळ्यांदेखत थांब, मी मोजते, आणि मी हो म्हटल्याशिवाय चाक फिरवू नको. अडकलास तर सगळं माझ्यावर. लिहून देऊ?"

"तुम्ही शिवता तेवढं पुरे," लंबू म्हणाला. "येतो."

शनिवारी तिथल्या धक्क्यावरून ट्रॅक्टर नांगरासकट ट्रकवर चढला. मास्तरने फोनवर सगळं सांगितलं आणि हिने सगळं पुन्हा विचारलं. दोरांनी नाही ना बांधला? नाही, साखळ्यांनी, चारही चाकांना. बॅटरीची वायर काढली? काढली. धुराड्याचं तोंड बांधलं? वाऱ्याने आतलं चक्र तेलाशिवाय फिरत राहिलं तर इंजिन खराब होतं, हे तिला लंबूनेच शिकवलं होतं. बांधलं, माझ्या रुमालाने, मास्तर म्हणाला, आणि लंबूच्या शेजारी चढून बसला.

मंगळवारी दुपारी मावशी पुलाखाली उभी होती, हातात टेप, खडू आणि एक लांब बांबू. एक-दोन करत बरेच लोक जमले होते, कारण ट्रॅक्टर अडकलेला बघायला मिळण्याची शक्यता होती. दादाही आला. मोटारसायकल लांब लावून हाताची घडी घालून उभा राहिला.

ट्रक आला. मागे निळं धूड साखळ्यांत आवळलेलं, धुळीने माखलेलं. फोटोत बघितलेलं ते हेच का, असं तिला वाटलं. मास्तर खाली उतरला, तीन दिवसांची दाढी, आणि नजर चुकवत म्हणाला, "सात-दहाच आहे. चार वेळा मोजलं."

"मीही मोजते," ती म्हणाली. लंबूने हात दिला, ती हौद्यावर चढली, छतावर फळी आडवी टाकली, टेप रस्त्यापर्यंत सोडला. बारा फूट चार इंच. खालून मास्तरने मोठ्याने वाचलं.

"तेराचा पूल आहे, जाईल!" कुणीतरी ओरडलं.

"तेराचा होता," दादा म्हणाला. पहिल्यांदाच बोलला. "गेल्या वर्षी डांबराचा थर टाकलाय. पाटी जुनीच आहे."

 मावशीने त्याच्याकडे बघितलं. तो घाबरवायला बोलला की सांभाळायला, ते तिला कळलं नाही, पण खोटं बोलत नव्हता. डांबर खरंच नवं होतं. लंबूने चावी काढून खिशात टाकली.

"चावी लाव," मावशी म्हणाली. "अजून मी मोजलं नाही."

तिने बांबू उभा उचलून पुलाच्या तुळईला टेकवला, खाली रस्त्यापर्यंत उरलेलं अंतर मास्तरकडून टेपने मोजून घेतलं आणि रस्त्यावर खडूने खूण केली. मग पुढे दोन पावलं, पुन्हा. असं पार पलीकडच्या टोकापर्यंत, कारण पूल सगळीकडे सारखा असतो हे कुणी सांगितलंय? सगळ्यांत खालची जागा बारा फूट सात इंच निघाली. तीन इंच मोकळे. तीन इंच म्हणजे चार बोटंसुद्धा नाहीत.

"मावशी, हळू जरी गेलो तरी एक खड्डा, एक उसळी…" लंबू म्हणाला.

"खड्डा नाही. मी चालत मोजलंय. टायरांतली थोडी हवा सोड, आणखी दोन बोटं मिळतील. आणि मी वर बसते."

"कुठे वर?" दादा पुढे आला. "वेड लागलंय का तुला?"

"छताखाली. सीटवर," ती म्हणाली. "छत घासलं तर आधी मला कळेल."

ट्रक मुंगीच्या पावलांनी सरकला. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसली होती आणि मान वाकडी करून वरचं लोखंड बघत होती. तुळया डोक्यावरून एकेक मागे जात होत्या. घासल्याचा आवाज आला नाही. पलीकडे तोंडावर ऊन आलं तेव्हा तिने मान सरळ केली. लोक ओरडले, लंबूने तीनदा हॉर्न दिला, आणि मास्तर रस्त्याच्या मधोमध उभा राहून डोळे पुसत होता.

कालव्याच्या भरावाला ट्रकची मागची बाजू लावून, फळ्या टाकून, ट्रॅक्टर उन्हं उतरायच्या आत तिच्या रानाच्या कडेला उभा राहिला.

बुधवारी सकाळी तिने मूठभर माती उचलली, दाबली, अंगठ्याने फोडली. मऊ फुटली. वाफसा आला होता. ती ट्रॅक्टरवर चढून बसली. बांधापलीकडे दादा आपला ट्रॅक्टर पुसत होता. तो बांधावर आला.

"उतर," तो म्हणाला. "आधी तुझं नांगरून देतो. माझं मागून. तुला कुठे येतंय?"

पहिला नंबर. न मागता. ती सीटवरून त्याच्याकडे बघत राहिली. तो मनापासून म्हणत होता, आणि म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं.

"नको, दादा," ती म्हणाली. "वाफसा तुझ्याही रानात आलाय. तू तुझं बघ."

मास्तरने आदल्या संध्याकाळी दाखवलं होतं तसा तिने नांगर टाकला. नांगराची पहिली ओळ, पहिलं तास, वाकडं गेलं. चांगलंच वाकडं, लांबूनही दिसेल असं.

"वाकडं जातंय!" दादा बांधावरून ओरडला.

"जाऊ दे!" ती मागे न बघता ओरडली. "माझंच आहे!"

दुसरं तास जरा कमी वाकडं गेलं. दादा तिसऱ्या तासापर्यंत उभा होता. मग तो गेला, आणि थोड्या वेळाने वरच्या रानातून त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला. बाबांच्या पाठी पहिल्यांदाच दोन्ही रानं एका दिवशी नांगरली जात होती, आणि त्यासाठी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.